सुया किती होत्या?

नणंदेच्या नातवासाठी दुपटं शिवत होते. वर जुन्या लुगड्याचा एक थर, खाली एक, मध्ये धोतराचे तीन. मशीनला सुई होती अकरा नंबरची, ब्लाउजची. सरळ शिलाईला तिनं कुरकुर केली नाही. कोपऱ्यावर घडी आली, पाचाचे दहा थर झाले, तशी गाडी अडली. मी मागून कापड ओढलं आणि कट्ट! अर्धी सुई दांड्यात राहिली, टोक गायब.

एरवी मी नवी सुई लावून पुढं गेले असते. पण बाळाचं दुपटं. टेबल पाहिलं, फरशी झाडली, दुपटं ट्यूबलाइटसमोर धरलं. टोक नाही. तेवढ्यात बहिणीची मुलगी आली. ती नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या एका विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये काम करते. शिफ्ट संपली की घरी जाताना माझ्याकडं चहाला थांबते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, सुया होत्या किती तुझ्याजवळ?"

मी वैतागले. "एका सुईचं टोक सापडत नाही, अन् तू हिशेब काहून विचारून राहिली?"

"मशीनची एक. ते कळलं. हातसुया किती? टाचण्या किती?"

मला सांगता आलं नाही. तिनं फ्रिजवरचा लोहचुंबक काढला आणि दुपट्याच्या वरून, बोटभर अंतरानं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवला. मध्यावर कापड टुणकन उचललं गेलं. तिथला टाका उसवला तर आतून निघाली एक अख्खी हातसुई. मोडलेल्या सुईचं टोक नव्हे, वेगळीच सुई. ती हरवली आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मोडकं टोक नंतर मशीनच्या पोटात मिळालं. सुईखालची पट्टी खोलली तर दात्यांच्या मध्ये साचलेल्या कापूसकणांत ते निवांत पडलेलं होतं.

त्या संध्याकाळी माझी एक जुनी समजूत मोडली. माझं शिवणकाम घरात नीटनेटकं म्हणून गाजलेलं होतं. बरण्यांत बटणं, डब्यांत दोरे, टेबलावर क्रोशाचं झाकण. पाहणाऱ्याला छान वाटायचं. पण नीटनेटकी जागा म्हणजे छान दिसणारी जागा नव्हे. एखादी वस्तू नसली तर तिचं नसणं जिथं ताबडतोब डोळ्यांत खुपतं, ती जागा नीटनेटकी. माझ्या बरणीत सुया वीस आहेत की एकोणीस, हे बरणी कधी सांगणार नव्हती.

आम्ही राहतो तो फ्लॅट खापरीच्या पुढं. खिडकीतून मेट्रोची ऑरेंज लाइन दिसते, ती इथं २०१९च्या मार्चमध्ये पोचली. पलीकडं एम्स, आयआयएमची इमारत, मोकळी माळरानं आणि विमानं. मिहानसाठी ज्या गावांच्या जमिनी गेल्या त्यांत एक शिवणगाव. नावात शिवण आहे म्हणून मला ते गाव उगाच आपलं वाटतं, पण शिवण नावाचं एक झाडही असतं, तेव्हा फार गुंतायला नको. इथं बोईंगनं एअर इंडियासाठी उभारलेलं विमान दुरुस्ती केंद्र २०१५पासून चालू आहे. शिवणयंत्रासमोर बसून ते वर्षानुवर्षं ऐकत होते, पण त्याचा माझ्या कात्रीशी काही संबंध असेल असं कधी मनात आलं नाही.

जगभरच्या हँगरांत एका गोष्टीची धास्ती असते. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'फॉड' म्हणतात. अर्थ साधा: जिथं असू नये तिथं राहिलेली परकी वस्तू. विसरलेला पाना, सुटलेला स्क्रू, तारेचा तुकडा, पेनचं टोपण. २५ जुलै २००० रोजी पॅरिसच्या विमानतळावरून उडताना काँकॉर्ड कोसळलं. आधी उडालेल्या दुसऱ्या एका विमानाची सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीची धातूची पट्टी धावपट्टीवर गळून पडली होती. तिच्यावरून काँकॉर्डचं चाक गेलं, टायर फुटला, त्याचा तुकडा पंखाखालच्या इंधनाच्या टाकीवर आदळला आणि आग लागली. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४ जण गेले. पट्टी जेमतेम दोन बोटं रुंद होती.

म्हणून हँगरमधलं हत्यार पेटीत नुसतं टाकत नाहीत. जाड फोममध्ये प्रत्येक पान्याच्या आकाराचा खळगा कापलेला असतो, नाहीतर भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवलेली असते. त्याला शॅडो बोर्ड म्हणतात, म्हणजे सावल्यांचा फळा. हत्यार उचललं की त्याची सावली उघडी पडते. प्रत्येक हत्यारावर क्रमांक कोरलेला असतो, कोणी नेलं त्याची नोंद राहते, शिफ्ट संपताना मोजणी होते. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. भाची म्हणाली, "आमच्याकडे 'इथंच कुठंतरी असेल' हे वाक्य चालत नाही." माझ्या घरात दिवसातून दहा वेळा बोललं जाणारं वाक्य ते!

मग चहा थंड होईपर्यंत तिनं मला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तीच माझ्या मनात जास्त घर करून बसली. मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्यात बोईंग ७८७च्या फरशीखालचे तुळ्यांसारखे आडवे भाग तयार होतात. ते कार्बन तंतूंच्या काँपोझिटचे. त्या विमानाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग असल्याच काँपोझिटचा असतो. "पण काँपोझिट म्हणजे असतं काय?" मी विचारलं. "मावशी, गोधडीच न ती!"

थट्टा नव्हती. असे भाग साधारणपणे कसे बनतात ते ऐका. कार्बनच्या धाग्यांचं कापड राळेत आधीच भिजवून ठेवलेलं असतं. राळ वेळेआधी आळू नये म्हणून त्याचे गुंडाळे शीतपेटीत, शून्याच्या खाली, ठेवतात. बेतल्याप्रमाणे तुकडे कापले जातात, प्रत्येकावर क्रमांक पडतो, आणि ठरलेल्या क्रमानं ते एकावर एक रचले जातात. एका थराचे धागे उभे, दुसऱ्याचे आडवे, तिसऱ्याचे तिरके, म्हणजे ताण कुठूनही आला तरी कुठला तरी थर तो झेलतो. मग निर्वात पिशवीत दाबून, उष्णता देऊन सगळं एकजीव करतात. आपण धावदोरा घालतो, तिथं राळ असते, एवढाच फरक. आणि धास्तीही आपल्यासारखीच: प्रत्येक थराला चिकटलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायचा राहिला, किंवा एखादा केस आत गेला, तर थर तिथं एकमेकांना धरत नाहीत. वरून पाहून काही कळत नाही. माझ्या दुपट्यातली सुईही वरून दिसत नव्हती.

खरं तर विमानाचं शिवणाशी नातं याहून जुनं आहे. राइट बंधूंच्या १९०३च्या विमानाच्या पंखांवर कापड होतं, तेही साधं सुती, बिनधुवट, आपल्या मांजरपाटाच्या जातीचं. कापडाच्या शिलाया त्यांनी स्वतः मशीनवर घातल्या. १९०२च्या उन्हाळ्यात त्यांची बहीण कॅथरिन वडिलांना पत्रात कळवते की विल्बर तासन्‌तास मशीन चालवतो आणि ऑर्व्हिल उकिडवा बसून कुठं शिवायचं त्या खुणा करतो. दोन पुरुष, घरभर पसरलेलं कापड आणि वैतागलेली बहीण. डेटनमधल्या त्या घरी माझं मन लगेच रमलं. पुढं बोईंगच्या सिएटलमधल्या पहिल्या कारखान्यातही पंखांचं कापड शिवायला बायकाच होत्या.

सुईचा हिशेब मात्र विमानवाल्यांनी शोधलेला नाही. परदेशी माल पाठवणाऱ्या कपड्यांच्या कारखान्यांत मोडक्या सुईची वही असते. कारागिराची सुई मोडली की त्यानं सगळे तुकडे गोळा करून द्यायचे. ते चिकटपट्टीनं वहीत डकवतात, जुळवून पाहतात की सुई पूर्ण झाली का, आणि मगच नवी देतात. तुकडा कमी पडला तर त्या जागेवरचे कपडे बाजूला काढून धातुशोधक यंत्राखालून जातात. लहान मुलांच्या कपड्यांत तर जास्तच काटेकोर. माझी आजी असलं काही न वाचताही म्हणायची, तिन्हीसांजेला सुई कुणाला देऊ नये. आम्ही हसायचो. आता वाटतं, चिमणीच्या उजेडात हातून सुटलेली सुई सकाळी कुणाच्या तरी पायातच सापडायची, त्यावरचा तो तोडगा असावा. देवाचं नाव घातलं की नियम पाळला जातो, एवढं आजीला कळत होतं.

तर मी काय केलं, ते सांगते. सगळं सांगण्यासारखं नाही, काही फसलं.

शिवणाच्या कपाटाचं दार आतून मोकळं होतं. त्यावर जुन्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा लावला, खिळे ठोकले आणि प्रत्येक वस्तू लटकवून काळ्या मार्करनं तिच्याभोवती रेघ ओढली. कापडाची मोठी कात्री, दोरे तोडायची छोटी, टेप, टाके उसवायचं अवजार, फूटपट्टी, ब्रश. दोन कात्र्या वेगळ्या ठेवण्याला कारण आहे. कागद गुळगुळीत व्हावा म्हणून त्यात चुनखडीसारखी, शाडूसारखी खनिजं मिसळलेली असतात. ती धार खातात. पेपर कटिंगची कात्री कापडाला लावू नये हे दर्जी सांगतात ते उगाच नव्हे. मशीनच्या खाली कात्री आणि सबंध घरभर शोध, काखेत कळसा अन् गावाला वळसा, हे आमच्याकडं नित्याचं होतं. ते थांबलं.

सुयांसाठी बरणी मोडीत काढली. फ्लॅनेलच्या तुकड्याचं चार पानांचं पुस्तक शिवलं. एका पानावर हातसुया बारा, दोन रांगांत सहा-सहा. बारा एकदा नजरेत बसल्या की मोजाव्या लागत नाहीत, रांग तुटलेली आपोआप दिसते. दुसऱ्या पानावर मशीनच्या सुया, नंबरवार. पाकिटावर ९०/१४ असं लिहिलेलं असतं, त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे ०.९ मिलिमीटर. १४ ही त्याच जाडीची जुनी मोजणी. ब्लाउजला ११, सुती गाऊनला १४, आणि गोधडीला १६ किंवा १८. माझी चूक इथंच झाली होती, दहा थरांत अकरा नंबर घातली होती. साधारण आठ तास शिवण झालं की सुईचं टोक बोथट होतं, मोडली नसली तरी. जुनी सुई कचऱ्यात टाकायची नाही, रिकाम्या औषधाच्या डबीत जमवायची. कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताचा विचार करावा.

पिनकुशनबद्दल एक आठवण. आजीच्या पिनकुशनमध्ये तिचे स्वतःचे गळलेले केस भरलेले असत. लहानपणी शिसारी यायची. आता कळतं, तेल मुरलेल्या केसांत सुई गंजत नाही. नागपुरात मार्चअखेर ते मृग लागेपर्यंत खिडकीत कूलर असतो, मे महिन्यात पारा ४५च्या पुढं जातो आणि कूलरशिवाय मशीनवर बसणं अशक्य. पण कूलर म्हणजे दमट वारा, थेट सुयांवर. स्पंजच्या पिनकुशनमधल्या माझ्या टाचण्या दोन उन्हाळ्यांत तांबूस झाल्या आणि पांढऱ्या कापडावर डाग उमटले. केस भरायचं धाडस झालं नाही, मी लोकरीची कातरण भरली.

कूलरचा दुसरा उपद्रव कागदाचा. बेतलेला पेपर कटिंगचा कागद टेबलावर ठेवा आणि वळा, तो दिवाणाखाली गेलेला असतो. टाचण्या लावल्या तर कापडाला भोकं. शेवटी घरातली जुन्या तराजूची लोखंडी वजनं कामी आली, २०० ग्रॅमची चार. कागदावर ठेवली की कागद हलत नाही आणि सुरकुती पडत नाही.

मशीनची साफसफाई हा खरा कंटाळ्याचा भाग, पण तिथंच सुईचं टोक सापडलं, म्हणून आता टाळत नाही. सुई वर, फूट वर, दोरा काढून ठेवायचा. सुईखालची पट्टी दोन स्क्रूंवर असते, ते स्क्रू बशीत, नाहीतर त्यांचाच फॉड व्हायचा. आत दाते दिसतात, त्यांच्या फटींत कापूसकणांचे घट्ट, पापडासारखे थर. ब्रशनं बाहेर ओढायचे, तोंडानं फुंकायचे नाहीत, फुंकर ओलसर असते आणि कण आत ढकलते. बॉबिनची डबी काढून शटलच्या खोबणीत एक थेंब तेल, मग रद्दी कापडावर हातभर शिलाई, म्हणजे जादा तेल तिथंच उतरतं. गोधडी शिवताना हे दर दोन दिवसांनी. जुन्या सुती कापडाचे कण फार सुटतात.

दोऱ्यांचं सोपं. प्रत्येक रीळ आणि त्याच दोऱ्याची भरलेली बॉबिन एकाच खिळ्यावर, एकावर एक. बॉबिन रिळाशिवाय एकटी फिरली की तिचा रंग नेमका कुठल्या रिळाचा, हे दिवसा उजेडातसुद्धा ओळखता येत नाही. सुती दोरा उन्हात ठेवू नका, कमजोर पडतो. दोरा जुना वाटला तर हातभर ओढून तोडून पाहा. पट्कन तुटला तर टाकून द्या, कितीही जिवावर आलं तरी.

आता चिंध्या. इथं माझं आणि भाचीचं जमलं नाही. ती म्हणाली, रंगावर लाव, डबे कर, चिठ्ठ्या डकव. मी लावले आठ डबे. लाल, हिरवा, पिवळा, निळा. आठवडाभर फार सुंदर दिसले आणि त्या आठवड्यात माझ्याकडून एकही चौकोन जुळला नाही. गोधडीत रंग जुळतात ते ढिगात हात घातल्यावर. कुंकवाच्या तुकड्याखालून अचानक मोरपंखी वर येतं आणि तुम्ही म्हणता, अरे, हे असं! डब्यात लाल फक्त लालाला भेटतो. मी डबे रिकामे केले आणि टोपली परत आणली.

पण कापडाची जात मात्र वेगळी ठेवते, त्यात तडजोड नाही. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आकसतं, सिंथेटिक आकसत नाही. दोन्ही एकाच गोधडीत घातली की धुतल्यावर पृष्ठभाग पुरीसारखा फुगतो. जुन्या बायका गोधडीला जुनंच लुगडं घेत, ते केवळ काटकसरीनं नव्हे. शंभरदा धुतलेलं कापड आकसून आकसून संपलेलं असतं, शिवाय मऊ, सुई सहज जाते. जात ओळखता येत नसेल तर एक धागा चिमट्यात धरून बशीवर जाळा. सुती कागदासारखं जळतं, वास कागदाचा, राख भुकटी. सिंथेटिक वितळून काळा मणी होतो. नवं सुती असेल तर धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच टोपलीत.

फ्लॅटमध्ये गोधडी पसरायची कुठं, हा प्रश्न राहतोच. आमच्या जुन्या घरी ओटा होता, उन्हाळ्यात कुरडया-पापड उरकले की त्यावर वाकळ पसरायची, चौघी चार कडांना बसायच्या आणि मध्याकडं सरकत जायच्या. सुई पदराला टोचलेली. ओट्यावर दुसरं सामानच नसायचं, त्यामुळं हरवण्यासारखं काही नसायचं. इथं रात्री जेवणं झाल्यावर हॉलमधलं टीपॉय भिंतीला लावते, फरशी आधी पुसते, थर पसरवून कच्चे टाके घालते आणि त्याच रात्री गुंडाळून दिवाणात ठेवते. मोठ्या कामाला कायमची मोठी जागा लागत नाही, तासाभरात मांडता आणि तासाभरात उचलता यावं लागतं. गुंडाळण्याआधी चुंबक एकदा फिरवायचा. फरशीवरही. यात एक सावधगिरी: संगणकी शिवणयंत्र असेल तर चुंबक त्याच्यापासून लांब ठेवा. माझं पायमशीन, त्याला फिकीर नाही.

जपानी कारखान्यांतून आलेली 'पाच एस'ची पाटी इथल्या बहुतेक कंपन्यांत लागलेली असते: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सू, शित्सुके. नको ते काढा, उरलेल्याला जागा द्या, झाडा, तसंच ठेवा, अंगवळणी पाडा. पाटीचा मला फारसा राग नाही, पण तिच्यापेक्षा टोयोटाच्या मूळ पुरुषाची गोष्ट जास्त आवडते. साकिची तोयोदा मोटारी बनवत नव्हता, हातमाग-यंत्रमाग बनवत होता. १९२४चा त्याचा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. एरवी तुटक्या धाग्यावर वारभर कापड विणलं जाई आणि मग कळे. १ जानेवारी १८७७ला जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या गावात राहून, घरातल्या दोन पिढ्यांनी मिलचा भोंगा ऐकलेला असून, धागा तुटलेला तेव्हाच्या तेव्हा कळायला हवा ही गोष्ट मला साठीनंतर कळली.

दुपटं नणंदेच्या नातवाला गेलं. उसवलेला टाका परत घातला, जरा जाडा पडला आहे, हात फिरवला की लागतो. सध्या एक मोठी गोधडी चालू आहे, चिंचेच्या पाल्याच्या रंगाच्या लुगड्याची. काल संध्याकाळी कपाटाचं दार उघडलं, तर मोठ्या कात्रीची सावली रिकामी. सुया बारा, टेप जागेवर, उसवायचं जागेवर, कात्री नाही. मी कुठंही शोधलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर दुधाची पिशवी उघडी पडली होती, शेजारी माझी कापडाची कात्री, आणि हे चहा गाळत होते.

"कापायला दुसरं काही दिसलं नाही," ते म्हणाले.